उजवा बूट नवाच राहिला

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. पण मला पाहून कुणी तसं म्हणणार नाही. माझ्या तळाच्या खाचा अजून खोल आहेत. टाचेची कड शाबूत आहे. शेजारी फळीवर माझा जोडीदार ठेवला आहे, डाव्या पायाचा. त्याची टाच एका अंगानं घासून गेली, तळ बदलावा लागला, चवड्याला भेग पडली आहे. आम्ही दोघं एकाच कातड्यातून, एकाच दिवशी कापले गेलो. तो झिजला आणि मी नवा राहिलो. बुटांच्या जोडीत असं होत नसतं. आमच्यात झालं. ते कसं झालं, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझं कातडं एका म्हशीचं. ती जिवंत होती तेव्हा तिच्या दुधाचे पेढे देवापुढे ठेवले जात होते. हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात ते कातडं कमावलं, रंगवलं, त्यात मेण जिरवलं आणि मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी आम्हाला घडवलं. आमच्या आत एक पातळ पडदा बसवला. त्याची छिद्रं इतकी बारीक, की पाण्याचा थेंब त्यातून जात नाही. वाफ मात्र जाते. म्हणजे बाहेरचा पाऊस आत येत नाही आणि आतला घाम हळूहळू निघून जातो. नाडीखालची जीभ दोन्ही बाजूंनी शिवून टाकली, फट म्हणून ठेवली नाही. डाव्याच्या चवड्यावर गिअरसाठी जाड पट्टी लावली. मला घोट्याच्या आतल्या बाजूनं एक थर जास्तीचा दिला, कारण उजव्या पायाला इंजिनाची आणि सायलेन्सरची धग लागते. मला त्या थराचा अभिमान होता. माझं काम काय, ते मला जन्मतःच ठाऊक होतं.

मग आम्ही अकोल्याच्या एका दुकानात आलो आणि तिथं आम्हाला दामिनी भेटली.

दामिनी अकोल्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची. तिचं घर तिवसा तालुक्यात. तिचे वडील देवमन झेंडू आणि शेवंती पिकवायचे आणि रोज पहाटे मोटारसायकलवर करंड्या बांधून फुलं अमरावतीच्या बाजारात न्यायचे. त्यांना साखरेचा आजार होता. ती सुट्टीत घरी गेली असताना तिला त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा दिसला. आतपर्यंत गेलेला. ते सकाळपासून त्याच्यावरच चालत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. पायाची जाणीव गेली होती. अशा पायाला लहानशी जखमही पुरते, हे तिला पुस्तकातून माहीत होतं आणि लॅबमधूनही.

त्याच संध्याकाळी तिनं त्यांना वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिलीनं पायाचा आकार काढला. संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि माप त्याच वेळचं खरं. "कायले पाह्यते?" त्यांनी विचारलं. "गंमत हाय," ती म्हणाली. तिला त्यांना चकित करायचं होतं. म्हणून तिनं बाकी काही विचारलं नाही.

दुकानात सुगत नावाचा विक्रेता होता. त्यानं आधी रबरी गमबूट पुढे ठेवले.

"ताई, वावरातले लोकं हेच नेतात. रबराचा हाय, पाण्याचा बाप आत जात नाई. धुतला का झाला नवा."

"अन् घाम कुठं जाईन, दादा? ओल्या कातडीले जखम लवकर होते. अन् याचा तळ पाहा, ब्रेकवर सरकन." तिनं गमबूट बाजूला सारला. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मला तेव्हा तर ते फारच आवडलं.

मग तिनं आम्हाला हातात घेतलं. तळ वाकवून पाहिला. शिवण नखानं खरवडली. कापलेला कागदी पाय आत सरकवून बोटांपुढे जागा किती उरते ते बघितलं. शेवटी आमच्यात वर्तमानपत्राचे कोरडे बोळे घातले आणि पाण्याची बादली मागितली.

सुगत हसायला लागला. "ताई, तुमी लॅबवाल्या हाव का? बुटाचं रक्तबी काढता का?"

"निघालं असतं तं तेबी पाह्यलं असतं," ती म्हणाली, आणि हसली नाही.

आम्ही बराच वेळ घोट्यापर्यंत पाण्यात उभे होतो. नंतर तिनं माझ्या आत हात घातला. पार बोटांच्या टोकापर्यंत. कागद कोरडा होता. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर इतक्या काळजीनं माझ्या आत कुणी हात घातला नाही.

घरी आम्हाला पाहून देवमन म्हणाले, "बाप्पा! हे तं फौजदाराचे दिसते." त्यांनी आम्हाला घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मिशीवरून हात फिरवला. दामिनी टाळ्या वाजवत होती. तिची आई, जयवंताबाई, चुलीपाशी बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि भाकरी उलटली. मला वाटलं, तिला आनंद झाला असेल. बूट असल्यामुळे माणसांची तोंडं मी खालून पाहतो. चूक होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवमन आम्हाला घालून निघाले. दामिनी दारात उभी होती. गाडी वावरात पोचली. झोपडीपाशी त्यांनी आम्हाला काढलं, एका पिशवीत घातलं आणि पायांत रबरी चपला सरकवल्या. मग करंड्या बांधल्या, पिशवी हँडलला अडकवली आणि तसेच अमरावतीला निघाले.

मित्रांनो, त्या घरची एक रीत होती. फुलं देवाकडे जायची असली, की त्यांच्या वाटेवर चामडं नको. देवमनच्या वडिलांनी ती पाळली, त्यांच्या वडिलांनी पाळली. देवमन कमरेला चामड्याचा पट्टा लावत नसत. गाडी घेताना त्यांनी सीट रेक्झिनचीच आहे ना, हे विचारून घेतलं होतं. रबर चालत होतं. कापड चालत होतं. मी चालत नव्हतो. त्या म्हशीचं दूध चाललं, कातडं चाललं नाही.

"पोरीले सांगून द्या न," जयवंताबाई एकदा वावरात फुलं तोडता तोडता म्हणाली. "बदलून आणीन ते. रबराचे आणीन."

"इतक्या हौसेनं आणले तिनं. आता हे नाई चालत म्हणू? तोंड उतरीन तिचं."

"मंग घाला. देव काई पाह्यले येते का तुमचे पाय?"

"देव नाई येत. मी पाह्यतो न."

ते दुष्ट नव्हते, हे मला मान्य करावंच लागतं. ते कुणालाच दुखवू पाहत नव्हते. देवाला नाही, लेकीला नाही. उरला तो पाय. त्याला दुखतच नव्हतं.

असं रोज सुरू झालं. घरापासून वावरापर्यंत मी पायात. वावरापासून मोझरीवरून अमरावतीपर्यंत आणि परत येताना मी पिशवीत, कारण करंड्या रिकाम्या झाल्या तरी फुलांच्याच. मग वावरातून घरापर्यंत पुन्हा पायात. दामिनी सुट्टीला आली की तिला बापाच्या पायांत बूट घालून गेलेले दिसायचे आणि बूट घालून आलेले दिसायचे. तिनं दोन टोकं पाहिली आणि मधली रेघ मनानंच ओढली. मोजमाप करणारी माणसंही असं करतात.

फोनवर ती विचारायची, "बूट घालता न, बाबा?"

"पायातच हायेत," ते सांगायचे. फोन नेहमी घरी पोचल्यावर, दारात बसून घेत असत. म्हणजे खोटंही बोलत नव्हते.

बाजारात पार्बताबाई नावाची हार विकणारी बाई होती. अंबादेवीच्या देवळापाशी तिची बसायची जागा. ती देवमनकडूनच फुलं घ्यायची. हँडलला लटकणारे आम्ही तिच्या नजरेतून सुटलो नाही.

"काहो देवमनभाऊ, बूट पिशवीत अन् पाय चिखलात? बुटाइले रोज अमरावती दाखवून आणता का?"

"पोरीनं घेतले, पार्बताबाई. फुलाइवर चामडं चालते का?"

"अन् ते?" तिनं हनुवटीनं दाखवलं. ताडपत्रीवर फुलांचे ढीग ओतले होते आणि हमाल त्यांतून बूट घालून ये-जा करत होते. एकानं तर शेवंतीच्या ढिगावर पाय रोवून पोतं उचललं.

"ते त्याइचं," देवमन म्हणाले. "माह्या हातात हाय तोवर माहं."

"मंग तुमचा देव तुमच्या हातापुरताच दिसते," पार्बताबाई म्हणाली आणि फुलं तोलायला लागली.

पावसाळा आला. काळ्या मातीचा चिखल तुम्हाला माहीत आहे, तो चपलेला धरून ठेवतो. देवमनची चप्पल त्यात निघून जायची, बोटं लगदा व्हायची, पायाची कातडी पांढरी पडून सुरकुतायची. मी पिशवीत कोरडा होतो. ज्याला पाण्यासाठी घडवलं, त्याला अख्खा पावसाळा कोरडं ठेवावं, याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही. त्या पायाला काहीच कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि मी गाठ मारलेल्या पिशवीत होतो.

नवरात्र आलं. दसऱ्याच्या आधी झेंडूला जी मागणी असते ती वर्षभर नसते. देवमननी गाडीवर नेहमीपेक्षा जास्त करंड्या बांधल्या. उजवीकडची करंडी पुढे सरकली आणि तिनं त्यांचा पाय आत दाबला. सायलेन्सरवरची जाळी केव्हाच पडून गेली होती. घोट्याची आतली बाजू तिवस्यापासून अमरावतीपर्यंत त्या तापल्या नळीला टेकून होती. नेमकी तीच जागा, जिच्यासाठी मला एक थर जास्तीचा दिला होता.

बाजारात पार्बताबाई किंचाळली. "अवो भाऊ, पाय पाहा तुमचा! कातडं गेलं न सारं!"

त्यांनी खाली पाहिलं. तोवर त्यांना माहीतच नव्हतं.

"दवाखान्यात जा आधी. फुलं राहू द्या इथंच, मी पाह्यतो त्याचं."

"दसरा होऊ दे," ते म्हणाले. "दुखून नाई राहिलं काई."

आणि मग, मित्रांनो, मला काम मिळालं. घरात कुणाला जखम दिसू नये म्हणून देवमन बाजारातून आल्यावर दिवसभर आम्हाला घालून वावरू लागले, आणि फुलांपाशी मोज्यावरच चपला सरकवू लागले. चामड्याचं त्यांना आता घरात काही वाटत नव्हतं. देवाकडे जायची फुलं घरात नव्हती. त्यांनी झेंडूचा पाला चुरगळून जखमेवर ठेवला, त्यावर मोजा ओढला आणि तो पाय माझ्यात घातला. फुलांच्या वाटेवर मी चाललो नाही, पण फुलांचा पाला माझ्या आत आला. जुनं औषध आहे ते. वासही झाकतं.

पण मी काय करणार होतो? माझा पडदा वाफ सोडतो, पाणी सोडत नाही. बाहेरून चिखलाचा थर चढला की वाफही अडते. जखमेतून जे पाझरत होतं ते माझ्या तळाशी साचत गेलं. मला चांगलं बनवलं होतं. एक थेंबही बाहेर आला नाही.

दसऱ्याला दामिनी अकोल्याहून आली. देवमन ओट्यावर बसले होते, पायांत आम्ही. तिनं आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अय आई, पाह्य! घरातबी बूट घालून बसले! मले वाटलं होतं, चार दिवस घालतीन अन् ठिवून देतीन."

जयवंताबाई म्हणाली, "चार दिवसापासून घरात उतरवूनच नाई राहिले. झोपाले जातात तवा अंधारात काढतात."

"जड झाले का, बाबा? आणा, मी काढतो."

"राहू दे," ते पटकन म्हणाले. "गार लागते."

तिनं आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि नमस्काराला वाकली. वाकता वाकता थांबली. "बूट तरी काढा न, बाबा. मी काय बुटाच्या पाया पडू?"

"पड, पड. तुनंच तं आणले. मानाचे हायेत ते."

ती हसली. सगळेच हसले. आणि मग तिनं खरंच कपाळ टेकवलं. डाव्यावर आणि माझ्यावर. ज्या बुटाला झेंडूच्या करंडीशेजारी जागा नव्हती, त्याच्यावर पोरीनं दसऱ्याच्या दिवशी कपाळ ठेवलं. तिच्या कपाळात आणि त्या जखमेत माझ्या कातड्याएवढंच अंतर होतं. तिला पाल्याचा वास आला असणार. झेंडूवाल्याच्या घरात दसऱ्याला झेंडूचा वास येणारच. दुकानात तिनं माझ्या आत हात घातला होता. त्या दिवशी तिनं फक्त बाहेरून पाहिलं आणि तिला जे पाहायचं होतं तेच तिला दिसलं.

ती संध्याकाळी अकोल्याला परत गेली. तिला दुसऱ्या दिवशी लॅब होती.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. देवमनना ताप भरला. ते बरळायला लागले तेव्हा जयवंताबाईनं माझ्या नाड्या सोडल्या आणि मला ओढून काढलं. तिनं आत पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. अमरावतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. उजवा.

दामिनी दवाखान्यात आली तेव्हा आम्ही देवमनच्या खाटेखाली पिशवीत होतो. तिनं कुणाला काही विचारलं नाही. आधी आम्हाला बाहेर काढलं. डाव्या बुटाच्या चवड्यावर बोट फिरवलं. रोज एवढी लांब गाडी चालवली, की गिअरच्या दांडीचा काळा घट्टा पट्टीवर महिन्याभरात पडतो. तिथं पुसटशी रेघ तेवढी होती. मग तिनं माझा तळ पाहिला, जिथं ब्रेक घासतो. तिथंही तेवढंच. ती बराच वेळ मला तसंच उलटं धरून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी बूट घालतच नव्हते."

देवमन छताकडे पाहत होते. "फुलाइवर चामडं नाई चालत न, माय. रबराचे असते तं घातले असते."

"रबराचे होते तिथं! माह्या हातात होते!" तिचा आवाज चिरकला. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "मंग सांगतलं काहून नाई?"

"तू किती खूश होती."

दामिनीनं माझी नाडी गुंडाळली. तेच पुढे म्हणाले, "तुनंबी तं नाई विचारलं, पोरी."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं असावं. तिनं आम्हाला पिशवीत घातलं, गाठ मारली आणि तोंड भिंतीकडे केलं.

आता गाडी दामिनीचा चुलतभाऊ श्याम चालवतो. त्याच्यासाठी तिनं गमबूट आणले. आणण्याआधी त्याला, देवमनना, आईला, सगळ्यांना विचारलं. त्यांचा तळ सरकतो आणि आत घाम साचतो, हे तिला आजही माहीत आहे. तरी तेच आणले. श्याम ते घालून करंड्यांसह अमरावतीला जातो. रोज, पूर्ण वाट.

देवमन कुबड्या घेऊन दारापर्यंत येतात, कधी गावातल्या पारापर्यंत. फुलांना आता हात लावत नाहीत, त्यामुळे डावा बूट त्यांना चालतो. सगळा भार एकाच पायावर येतो म्हणून डावा लवकर झिजला. कृत्रिम पायाचं म्हणत आहेत, पण तो ताठ असतो, उंच बुटात जात नाही, असं माप घेणाऱ्यानं सांगितलं. म्हणजे माझं काही राहिलं नाही. जयवंताबाई मला टाकू म्हणते. देवमन टाकू देत नाहीत. "पोरीनं आणले," म्हणतात.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, पुसा, तेल लावा, असं आम्हा जुन्या वस्तूंनी तुम्हाला सांगायचं असतं. मी ते सांगणार नाही. माझी निगा फार राखली गेली. मला एवढंच म्हणायचं आहे, की कुणासाठी काही घ्याल तर आधी त्याला विचारा, तुमची गंमत गेली तरी चालेल. आणि तुमच्यासाठी कुणी आणलेलं तुम्हाला चालत नसेल तर तोंडानं सांगा. समोरच्याचं तोंड उतरेल. उतरू द्या. उतरलेलं तोंड पुन्हा वर येतं.

परवा दामिनीनं डाव्याला नवा तळ लावायला मोच्याकडे नेलं. सवयीनं पिशवीत जोडीच घातली होती. मोच्यानं डाव्याला उलटंपालटं केलं, चुकचुकला, आरी काढली. मग मला उचललं, तळावर अंगठा फिरवला आणि तिला परत दिलं.

"याले काई नाई झालं, ताई," तो म्हणाला. "हा तं नवाच हाये."

दामिनीनं मान हलवली आणि मला पिशवीत ठेवलं. आत कुणीच हात घालून पाहिलं नाही.